मिस सेल्मिराची नजर

बोका तेरका गावातल्या स्लॉथ निवाऱ्यात, झाडाला उलटं लटकणाऱ्या त्या संथ जनावरांच्या घरात, एकोणीस वर्षं एक रिवाज चालत आला होता. झाडावरून पडलेलं, विजेच्या तारेनं भाजलेलं, कुत्र्यानं ओढलेलं एखादं पिल्लू आलं की कुणी काही विचारायच्या आत मिस सेल्मिरा हात धुऊन यायची. पिल्लाला डाव्या तळव्यावर उताणं धरायची, पोटावरच्या केसांवर हळूच फुंकर मारायची, डोळे बारीक करून बघायची आणि निकाल द्यायची. "मुलगी." किंवा "मुलगा." त्याच दुपारी पिंजऱ्यावर लाकडी पाटी लागायची, मुलीचं नाव गुलाबी रंगात, मुलाचं निळ्या. एकदा रंग लागला की पुढं त्याला कुणी हात लावत नसे.

तीनबोटी स्लॉथचं सोपं असतं. नर वयात आला की त्याच्या पाठीवर नारिंगी ठिपका उमटतो आणि तो आंधळ्यालाही दिसावा असा असतो. घोळ सगळा दोनबोटी जातीचा. त्या जनावरानं आपलं सगळं सामान आत लपवून ठेवलंय, आणि बाहेर जे काही आहे ते दोघांचं सारखंच. पंधरा दिवसांतून एकदा येणारे पशुवैद्यसुद्धा डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "मिस सेल्मिराला विचारा, तिची नजर आहे."

नजर कसली आलीय! पहिल्या वर्षी तिनं अंदाजानं जिला मुलगी म्हटलं होतं तिला पिल्लू झालं, एवढंच. पण गावात बोलबाला झाला. पोटुशी बाई दिसली की लोक तिला मिस सेल्मिराकडे धाडायचे. तीही पोटावर हात ठेवून सांगायची, आणि निम्म्या वेळा तिचं बरोबर यायचं. काळ्या, उंच, पांढरं डोकं ताठ ठेवून चालणाऱ्या त्या बाईला रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा मिळायची ती या नजरेमुळं. "मला कळत नाही" हे तीन शब्द त्या बाकावर बसून म्हणणं दर वर्षी अवघड होत गेलं.

आणि मग राजधानीतून, सान होसेहून, डॉक्टर ओदिली आली.

पोरगी तिशीच्या आतली, केसांचा अंबाडा पेन्सिलीनं खोचलेला. ती प्रत्येक स्लॉथचे सात-आठ केस चिमट्यानं मुळासकट उपटायची आणि कागदी पाकिटात घालायची. मिस सेल्मिरा जनावर धरून उभी राहायची. धरण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"केस उपटून कळणार होय, मुलगा की मुलगी?" मिस सेल्मिरानं विचारलं.

"केसाच्या मुळाशी सगळं लिहिलेलं असतं, मिस सेल्मिरा. नराकडे मादीपेक्षा एक वेगळा तुकडा असतो. यंत्रात घालून त्याच्या लाखो नकला करायच्या आणि जेलीच्या वडीतून पळवायच्या. एक रेघ उमटली तर मादी, दोन उमटल्या तर नर."

"आणि तीन उमटल्या तर?"

"तर माझे हात घाण होते."

निवाऱ्याचे प्रमुख डोन एवेलियो जवळच उभे होते. ते पोट धरून हसले. "अहो डॉक्टर, कशाला एवढा उपद्व्याप? आमची बाई फुंकर मारते आणि सांगते. तुमच्या यंत्रालाच तिच्याकडे शिकवणीला पाठवा."

"पाठवते की," ओदिली म्हणाली. "आधी दोघांचे निकाल जुळू देत."

मिस सेल्मिराही हसली. थोडं चुकेल, तिनं मनाशी म्हटलं. चार-दोन पाट्या पुन्हा रंगवाव्या लागतील, लोक आठवडाभर चेष्टा करतील. माणूस आहे, चुकणारच. इतपत लाज ती पचवू शकली असती.

पण तेवढ्यात डोन एवेलियो आत गेले आणि फ्रिजच्या तळातून एक लहान बाटली घेऊन आले. आत पिवळट पाण्यात कानाचा एक तुकडा होता. बाटलीवर चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात: दुकेसा.

"हिचंही करून टाका. मरून नऊ वर्षं झाली बिचारीला, पण यादी तरी पुरी होईल."

मिस सेल्मिराच्या हातातला स्लॉथ चित्कारला. तिनं त्याला नको इतकं आवळलं होतं.

* * *

दुकेसाचं असं झालं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिला कॅनेलोच्या पिंजऱ्यात सोडायचं ठरलं. कॅनेलो दांडगा नर, त्याची पाटी निळी. दुकेसाची गुलाबी. कुणीतरी म्हणालं, अजून महिनाभर शेजारी शेजारी ठेवू, बघू कसे वागतात. मिस सेल्मिरा म्हणाली, "मी सांगतेय ना मुलगी आहे म्हणून? सोडा." सोडलं. त्या संध्याकाळी पिंजरे बंद करायचं काम एउस्ताकियोकडे होतं.

एउस्ताकियो तोवर निवाऱ्यात आठ वर्षं होता. त्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. कडी लावली की तो ती दोनदा वाजवून बघायचा, टक, टक, आणि मगच पुढं जायचा. लांब स्वयंपाकघरापर्यंत तो आवाज यायचा. त्या संध्याकाळीही आला असणार, पण रोजचा आवाज कोण लक्षात ठेवतं?

सकाळी पाला घेऊन पहिली आली ती मिस सेल्मिरा. कडी लावलेली होती. तिनंच ती काढली. आत दुकेसा जमिनीवर पडलेली, मान आणि दंड चावून फाडलेले, अंग गार. वर फांदीला कॅनेलो लटकत होता, नेहमीसारखा शांत, आणि त्याच्या तोंडाभोवतीचे केस लाल होऊन चिकटले होते.

त्या क्षणी तिला सगळं कळलं. नर मादीला असं फाडत नाही. नर नराला फाडतो. तिचा निकाल चुकला होता आणि त्या निकालापायी जनावर मेलं होतं. तिनं हातातला पाला खाली ठेवला, एप्रनचं टोक पाण्यात भिजवलं आणि कॅनेलोचं तोंड स्वच्छ पुसलं. दात, ओठ, हनुवटीचे केस. तो मुकाट्यानं पुसून घेत राहिला.

मग डोन एवेलियो आले. दार सताड उघडं होतं, कारण तिनं ते उघडं टाकलं होतं. त्यांनी प्रेताकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "तोलोमुको शिरला आत," ते म्हणाले. ते चपळ, झाडावर चढणारं काळं जनावर त्या महिन्यात कोंबड्या नेत होतं. "दार उघडं कुणी टाकलं? मिस सेल्मिरा, तुम्ही आलात तेव्हा उघडंच होतं?"

"मी आले तेव्हा..." ती म्हणाली आणि थांबली.

त्यांना वाटलं बाईला हुंदका आला. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेलं वाक्य स्वतःच पुरं केलं. ती खोटं एक अक्षर बोलली नाही. पुढं कित्येक रात्री तिनं याच एका गोष्टीचा आधार घेतला, आणि दर वेळी तो आधार तिच्याच हातात मोडला.

उष्मा फार होता. वैद्याची वाट न बघता दुपारीच दुकेसाला रानबदामाखाली पुरलं. कानाचा तुकडा तेवढा डोन एवेलियोंनी सवयीप्रमाणे बाटलीत घातला. एउस्ताकियो परत परत सांगत होता, "मी दोनदा वाजवली होती. टक, टक. आईच्यान." त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याची नोकरी गेली. पण नोकरी गेलेले बोका तेरकात पुष्कळ आहेत. त्याचं नावही गेलं.

आमच्या गावाला टोपणनावाची भारी हौस. एकदा चिकटलं की थडग्यावर कोरेपर्यंत सुटत नाही. एउस्ताकियोला कडी म्हणू लागले. त्याची बायको कडीची बायको झाली, पोरगी कडीची पोरगी. पोरं त्याच्या मागून जाताना शाळेच्या पट्टीनं कुंपण वाजवायची, टक, टक. पोरीच्या लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी चमच्यानं टेबलं वाजवली आणि सगळा मांडव हसला. एउस्ताकियोही हसला. नंतर त्यानं वळणावर शहाळ्यांची गाडी टाकली तेव्हा पाटीवर स्वतःच्याच हातानं लिहिलं: कडीचं थंड शहाळं. दुसरं नाव लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाला कळलं नसतं.

सबंध गावात एकटी मिस सेल्मिरा त्याला एउस्ताकियो म्हणायची. "कडी" हे नाव तिच्या जिभेवर येतच नसे. कुणी तिच्यासमोर "कडी" म्हणालं की तिला वाटायचं, आपल्यालाच हाक मारली.

* * *

निकाल यायला दोन आठवडे लागणार होते. मिस सेल्मिराला झोप येईना. नारळाच्या दुधातला राजमा-भात पुढ्यात तसाच निवून जायचा. तिनं विचार केला तसतशी एक गोष्ट स्पष्ट होत गेली, आणि ती फार वाईट होती. दुकेसा नर निघाला तरी कुणाला काही कळणार नव्हतं. जेलीतल्या रेघा नर-मादी सांगतात. कडी लावली होती की नाही हे रेघा सांगत नाहीत. लोक हसतील, पाटीचा रंग बदलतील आणि एउस्ताकियो मरेपर्यंत कडीच राहील. ती सुटली होती. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची इतकी शरम आली की तिनं आरशावर टॉवेल टाकला.

नवव्या दिवशी ती वळणावर गेली. त्याला सांगायचंच, आधी त्याला, असं ठरवून गेली.

"या या, मिस सेल्मिरा." एउस्ताकियोनं तिच्यासाठी खोकं पुसलं. आता त्याचे पुढचे दोन दात पडले होते, पण कोयत्याचा हात तसाच नेमका होता. "गोड बघून देतो. तुम्हाला पाणचट नको, माहीत आहे मला."

"एउस्ताकियो, मला एक बोलायचं होतं."

"बोला की."

तेवढ्यात बस थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढला. "ए कडी, दोन दे! आणि झाकणं नीट लाव बाबा, उघडी टाकू नकोस!" मागचे चार उतारू खिदळले. एउस्ताकियोनं दोन शहाळी दिली, हसून हात हलवला. बस गेल्यावर तो शहाळ्यांच्या टरफलांकडे बघत राहिला.

"खरं सांगू, मिस सेल्मिरा? सवय झालीय. पण तुम्ही येता आणि नावानं हाक मारता ना, तेव्हा दिवस बरा जातो. बायको शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा रडायची, म्हणायची, सगळ्या गावानं आपल्याला टाकलं. मी तिला सांगायचो, सगळ्या नाही. मिस सेल्मिरा मला कधी कडी म्हणाली नाही. तिची नजर आहे. तिला कळतं मी कडी लावली होती."

मिस सेल्मिरानं शहाळं तोंडाला लावलं.

"काय बोलायचं होतं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "शहाळं गोड आहे."

घरी जाताना तिला वाटेतल्या ओढ्याशी बसावं लागलं. चोरी एकदाच केली असं ती नऊ वर्षं समजत होती. पण दर वेळी "एउस्ताकियो" म्हणून तिनं त्या माणसाकडून विश्वास घेतला होता, आणि त्याच्या बायकोनं मरताना तिलाच दुवा दिला असेल. तिनं ओढ्याचं पाणी तोंडावर मारलं आणि तरी तोंड जळत राहिलं.

* * *

निकाल आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, कॉफीची वेळ. निवाऱ्याची अकराच्या अकरा माणसं लांब टेबलाभोवती जमली. डॉक्टर ओदिली कागद घेऊन उभी राहिली आणि एकेक नाव वाचू लागली.

"सामसोन... एक रेघ. मादी."

टेबलावर स्फोटच झाला. सामसोन आणि राणी यांचं "जोडपं" सहा वर्षं पर्यटकांना दाखवत होते. पिल्लू का होत नाही असं कुणी विचारलं की मिस सेल्मिरा सांगायची, लाजाळू आहेत.

"लाजाळू!" डोन एवेलियोंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दोघी बहिणी-बहिणी सुखानं नांदतायत आणि आपण पाळण्याची तयारी करतोय!"

एकतीस दोनबोटी स्लॉथपैकी बारांच्या पाट्या चुकल्या होत्या. "नाणं उडवलं असतं तरी..." ओदिली म्हणाली, मिस सेल्मिराचा चेहरा बघून गोरीमोरी झाली आणि गप्प बसली. लोक चेष्टा करत होते पण प्रेमानं. कुणी तिच्या ताटात केळ्याचा गोड तुकडा ठेवला. कुणी म्हणालं, आता चर्चमधला बाकही बदला.

"आणि दुकेसा?" मिस सेल्मिरानं विचारलं.

ओदिलीनं कागद उलटला. "दोन रेघा. स्वच्छ. नर."

"म्हणजे दुकेसा नव्हे, दुके!" डोन एवेलियो ओरडले. "मेल्यावर बाईसाहेबांचे राजेसाहेब झाले!"

पुन्हा हशा. पुढचं नाव वाचायला ओदिलीनं तोंड उघडलं. आता नुसतं बसून राहायचं होतं. केळ्याचा तुकडा खायचा होता. मिस सेल्मिरा उठली. खुर्ची मागं पडली, तिनं ती उचलली नाही.

"कडी लावलेली होती," ती म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही.

"त्या सकाळी. दुकेसा मेली त्या सकाळी कडी लावलेली होती. मी काढली. तोलोमुको नव्हता, कुणी नव्हतं. कॅनेलोनं मारलं त्याला. दोघे नर होते म्हणून मारलं, आणि मी मुलगी म्हटलं म्हणून ते एकत्र होते. कॅनेलोच्या तोंडाला रक्त होतं. मी पुसलं. तुम्ही विचारलंत, डोन एवेलियो, आणि मी पुढं बोलले नाही."

डोन एवेलियोंनी कप खाली ठेवला.

"नऊ वर्षं?" डोन एवेलियो म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "तुम्ही रोज माझ्यासमोर कॉफी प्यायलात, मिस सेल्मिरा."

"हो."

"मी त्या माणसाला फाटकाबाहेर उभं करून त्याच्या चपला बाहेर फेकल्या होत्या." ते खाली बसले. "त्यानं आईची शपथ घेतली होती. मी म्हटलं, आईला मध्ये आणू नकोस."

कुणी मिस सेल्मिराकडे बघेना. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तिनं एप्रन काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडली. दोन मैल उन्हातून चालत वळणाकडे निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा चुकलो. आधी त्याला सांगायला हवं होतं. अकरा माणसांच्या खिशांत अकरा फोन होते.

* * *

बातमी तिच्या आधी पोचली होती. बस वळणावर उभी होती आणि ड्रायव्हर आज खाली उतरला होता, टोपी हातात घेऊन.

"डोन एउस्ताकियो," तो अडखळत म्हणाला, नवीन चपला घालून चालावं तसा. "दोन द्याल का?"

एउस्ताकियोनं दिली. बस गेली. मिस सेल्मिरा गाडीपासून चार पावलांवर उभी राहिली. आज त्यानं खोकं पुसलं नाही.

"मी सांगायला आले होते. त्या दिवशी," ती म्हणाली. "नाही सांगवलं."

तो शहाळ्याचा बुंधा तासत राहिला. मग त्यानं विचारलं, "कॅनेलोचं तोंड कशानं पुसलंत?"

"एप्रननं."

"मग धुतलात?"

"धुतला."

"आणि घातलात पुन्हा?"

"घातला."

"किती दिवस?"

"फाटेपर्यंत."

त्यानं मान हलवली, जणू एवढंच जाणून घ्यायचं राहिलं होतं. तिला रडू आलं, पण इथं रडणं म्हणजे त्याच्याकडून आणखी काही मागणं होतं, म्हणून तिनं दातांखाली ओठ धरला.

"मला माफ करा असं म्हणायला माझं तोंड नाही, एउस्ताकियो."

"तसं नका म्हणू."

"काय?"

"एउस्ताकियो." त्यानं कोयता खाली ठेवला. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणं कठीण होतं. "आता सगळं गाव मला नावानं हाक मारील. मारू देत. त्यांना माहीत नव्हतं, ते चुकले, मिटलं. तुम्हाला माहीत होतं. नऊ वर्षं तुम्ही माझं नाव घेत होता आणि मी ते घरी नेऊन बायकोला देत होतो. ते नाव तुमच्या तोंडून मला आता ऐकवणार नाही. तुम्ही मला कडी म्हणायचं. गावात तुम्ही एकट्या. मी मरेपर्यंत."

"नका हो..."

"म्हणा."

शहाळं घ्यायला दोन शाळकरी मुली येऊन थांबल्या होत्या, एकीच्या हातात पट्टी होती. त्या एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागल्या. मिस सेल्मिराचे ओठ हलले. नऊ वर्षं हा शब्द तिनं नाव म्हणून घेतला नव्हता.

"कडी," ती म्हणाली.

त्यानं कोयत्याच्या मुठीनं फळीवर दोनदा वाजवलं, टक, टक, आणि मुलींकडे वळला.